वहीत नसलेला फटका

समजा, तुमच्या मांडीवर एक आडवी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, पानभर चौकटी छापलेली. प्रत्येक चौकटीच्या आत एक लहानसा चौकोन टोकावर उभा आहे, पत्त्यातली चौकट असते तसा. हातात शिसपेन्सिल. समोर फक्कीनं आखलेलं मैदान, त्यावर बेस म्हणून वाळू भरून शिवलेले गोणपाटाचे तीन ठोकळे आणि फळीचा एक पांढरा तुकडा. एक मुलगी बॉल फेकते, दुसरी बॅट फिरवते. बॅट लागली आणि ती पहिल्या ठोकळ्यावर पोचली, की तुम्ही त्या छोट्या चौकोनाची एक बाजू गडद करायची. दुसऱ्यावर पोचली की दुसरी. चारी बाजू गडद झाल्या की एक रन. वर बघायचं, खाली लिहायचं, पुन्हा वर बघायचं. शिंक आली तर दोन बॉलांच्या मध्ये शिंकायचं. आणि तीन तास काहीही झालं तरी एक अक्षर बोलायचं नाही.

जमेल? वाटतं तेवढं सोपं नाही. तळेगाव ढमढेऱ्याच्या चांगदेव ओव्हाळांना मात्र ते लिहिणं चौदा वर्षं जमलं. पंधराव्या वर्षी गप्प बसणंही जमलं, आणि तेच त्यांना भोवलं.

आपल्याकडं बेसबॉल खेळतात हेच अनेकांना माहीत नसतं. शाळांच्या स्पर्धांच्या यादीत तो असतो, खालून तिसऱ्या-चौथ्या ओळीत. तालुक्याला तीन संघ येतात, जिल्ह्याला सात-आठ. बघायला कोणी येत नाही. शेजारच्या मैदानावर कबड्डी चालू असली तर बेसबॉलचा राखीव खेळाडूही तिकडं तोंड करून बसतो. अशा सामन्यांना, शिरूर असो, दौंड असो की बारामती, एक माणूस न चुकता हजर असायचा. पांढरी टोपी, खांद्याला कंपनीची जुनी बॅग, बॅगेत वही, दोन पेन्सिली, खोडरबर आणि बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा. झाड सापडलं तर झाडाखाली, नाही तर कंपाउंडच्या सावलीत. मुली त्यांना बेसबॉलमामा म्हणायच्या.

हे वेड त्यांना रांजणगावच्या एमआयडीसीत लागलं. एका कोरियन कंपनीत ते क्वालिटीला होते. फ्रिजच्या दाराचं रबर तपासायचं काम. रबर दाराला सगळीकडं सारखं चिकटतं का ते बघायचं आणि शीटवर ओके किंवा रिजेक्ट लिहायचं. तिथले किमसाहेब जेवणाच्या सुट्टीत आपल्या दोन-तीन देशवासीयांबरोबर पार्किंगमध्ये बॉल फेकाफेकी करायचे. बॉल गटाराकडं गेला की चांगदेव आणून द्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "साहेब, यात आउट कसं होतं?" किमसाहेबांना एवढा आनंद झाला, की त्या दिवशी दोघंही पंधरा मिनिटं उशिरा लाईनवर गेले.

पुढं सहा वर्षं रोज अर्धा तास ही शिकवणी चालली. किमसाहेबांचं इंग्रजी तोडकं, चांगदेवांचं त्याहून तोडकं, त्यामुळं दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं. खेळापेक्षा किमसाहेबांना खेळाच्या बारीकसारीक गोष्टींचं वेड होतं. बॉलला एकशेआठ टाके असतात. तीन स्ट्राईक झाल्या, म्हणजे मारता येण्याजोगे तीन बॉल वाया गेले, की खेळाडू आउट, त्याची खूण इंग्रजी के. पण तिसऱ्या स्ट्राईकला त्यानं बॅटच फिरवली नाही, नुसता उभा राहून बघत बसला, तर के उलटा लिहायचा, आरशात दिसतो तसा. अमेरिकेत मोठ्या सामन्यांचा प्रत्येक नवा बॉल आधी एका नदीकाठचा चिखल लावून चोळतात, म्हणजे त्याची गुळगुळीत चकाकी जाते आणि हातातून सटकत नाही. तो चिखल नेमका कुठून काढतात ते एका घरालाच माहीत, बाकी कुणाला सांगत नाहीत.

चांगदेवांची बहीण वडगाव रासाईला दिलेली. पुढच्याच रविवारी ते तिच्याकडं गेले आणि भीमेच्या काठचा मऊ गाळ बिस्किटाच्या डब्यात भरून घेऊन आले. त्यांची बायको जाईबाई दारातच उभी होती.

"बहिणीनं काय दिलं?"

"चिखल."

"एवढ्या लांब जाऊन? हितं आपल्या दारात काय कमी हाय व्हय?"

किमसाहेब परत गेले तेव्हा जाताना त्यांनी चांगदेवांना आपल्या कोऱ्या स्कोअरवह्यांपैकी चार दिल्या, आणि एक वाक्य. टेबलावर बसणाऱ्या माणसानं कसं वागावं ते सांगताना ते स्वतःच्या ओठांवर बोट आडवं ठेवून म्हणाले होते, "स्कोअरर, नो माऊथ. ओन्ली आय."

चांगदेवांना हे फार पटलं. रबराच्या कामातही तेच होतं. फट दिसली की लिहायची. ती का पडली, कुणी पाडली, ह्यावर आपण बोलायचं नाही, ते सांगायला सुपरवायझर आहे. रबर दाबून, ओढून, हाताची ऊब देऊन 'ओके' करून टाकणारे इन्स्पेक्टर त्यांनी पाहिले होते. त्यांनी तसं कधी केलं नाही. रिटायर झाले त्या दिवशी लाईनवरच्या पोरांनी भाषणात सांगितलं, "मामांनी रिजेक्ट केलेला माल परत कुणी तपासला न्हाई."

*

हौस असली की सांगायला माणूस लागतं. चांगदेवांकडं सांगण्यासारखं भरपूर होतं, ऐकणारं कोणी नव्हतं. तळेगावच्या शाळेचा संघ खुर्शिदसर बघायचे. खेळाचे शिक्षक, मनानं मोकळे, पोरींसाठी स्वतःच्या गाडीतून पाण्याचे जार आणणारे. पण हाडाचे क्रिकेटवाले. बेसबॉल त्यांना क्रिकेटच्याच डोळ्यांनी दिसायचा. मुली बॅट टाकून पळायच्या ऐवजी बॅट घेऊनच पळायच्या आणि पहिल्या ठोकळ्यावर पाय ठेवायच्या ऐवजी बॅट टेकवायच्या, तेव्हा खुर्शिदसर टाळ्या वाजवायचे. चांगदेव झाडाखालून ओरडायचे, "अगं पाय! पाय ठेव!"

"सर, जरा नियमाचं बोलायचं होतं," असं म्हणत ते जवळ गेले, की सर हसून हात जोडायचे. "मामा, तुम्ही म्हंजी चालतं-बोलतं पुस्तक. पण आत्ता न्हाई. म्याच झाल्यावर निवांत बसू." म्याच झाल्यावर पोरी, बॅटा, जार, सगळं गाडीत भरायचं असायचं. निवांत कधी बसणं झालं नाही.

ऐकलं ते माया मॅडमनी. ह्या दौंडच्या संघाच्या शिक्षिका, राहायला कासुर्डीला. दोन वर्षांपूर्वी एका सामन्याच्या आधी चांगदेव नवा बॉल चिखलानं चोळत बसले होते. मॅडम थांबल्या.

"मामा, बॉलला फेसपॅक लावताय का?"

"लावून बघा. तुमच्या पोरीच्या हातातनं सुटतोय की न्हाई सांगा."

सुटला नाही. तेव्हापासून मॅडम दिसल्या की स्वतःहून शेजारी येऊन बसायच्या. त्याच दिवशी परतताना दोघं एकाच एसटीत होते, कासुर्डी फाट्यापर्यंत. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली होती आणि वेळ जावा म्हणून चांगदेवांनी त्यांना आपल्या ठेवणीतली सगळ्यात गमतीची गोष्ट सांगितली.

क्रिकेटमध्ये कुणाला कधीही बॅटिंगला पाठवता येतं. बेसबॉलमध्ये नाही. नऊ जणांचा क्रम सामन्याआधी लिहून द्यायचा, आणि तो शेवटपर्यंत तोच. पाचवीच्या जागी सहावी आली तर ती चूक. पण पंच ही चूक दाखवत नाही. टेबलावरचा स्कोअररही दाखवत नाही, त्याला तसा नियमच आहे. समोरच्या संघानं ओळखायची. तीही नेमक्या वेळी.

"म्हंजी कवा?" मॅडमनी विचारलं होतं.

"ती चुकीची पोरगी खेळत असताना बोललात, तर नुसती दुरुस्ती होती. बरोबरची पोरगी येती, पुढचं चालू. काय फायदा? तिला खेळू द्यायचं. तिनं मारला, पळाली, पोचली, मग पंचाकडं जायचं. मग जिची पाळी होती ती आउट, आन् झालेलं सगळं रद्द."

मॅडमनी कपाळाला हात लावला होता. "भारीच पाजी नियम हाय की."

"पाजी न्हाई," चांगदेव म्हणाले होते, "ज्याचं लक्ष त्याचा फायदा."

*

प्राची ही चांगदेवांची नात, मुलाची मुलगी. चालायला लागल्यापासून आबांच्या वहीतले छोटे चौकोन रंगवत मोठी झाली. सातवीत तिनं बॅट धरली. सोळाव्या वर्षी तिचा फटका असा होता की पंच दोन पावलं मागं सरकून उभे राहायचे.

गेल्या ऑक्टोबरात दौंडला जिल्ह्याचे सामने होते, सतरा वर्षांखालील मुलींचे. प्राचीचं ह्या वयोगटातलं शेवटचं वर्ष. जिल्हा जिंकला तर विभाग, विभागातून राज्य. राज्यात नंबर आला तर पुढं पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करता येईल, असं प्राचीनं मनाशी पक्कं धरलं होतं. तिच्या बापानं, सतीशनं, एवढंच सांगितलं होतं, "ह्या साली राज्याला गेलीस तर मी आडवा येणार न्हाई. न्हाई गेलीस तर बॅट माळ्यावर, आन् आयटीआयचा फॉर्म भरायचा." तोही वाईट माणूस नव्हता. चाकणला तीन पाळ्यांत काम करत होता आणि मुलीनं उन्हात पळून हाताशी काय येणार, हे त्याला कोणीच सांगू शकत नव्हतं.

अंतिम सामना तळेगाव विरुद्ध दौंड. सकाळी चांगदेव कडुलिंबाखाली टोपी सारखी करत बसले होते, तर पंच स्वतः चालत आले. टेबलावरचा माणूस आला नव्हता, त्याची ड्युटी ऐनवेळी दुसऱ्या तालुक्यात लागली होती.

"मामा, चला की टेबलावर."

चांगदेव उभे राहिले, मग पुन्हा बसले. "साहेब, माझी नात खेळतीय."

"अहो, हितं सगळ्यांचंच कुणी ना कुणी खेळतंय. नीट लिहिणारं दुसरं कोण हाय, सांगा."

पंचांनी माया मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मामा असतील तर डोळं झाकून." खुर्शिदसर तर खूश झाले. "आपला माणूस टेबलावर! लिहा मामा, दाबून लिहा."

चौदा वर्षांत चांगदेवांना पहिल्यांदा खुर्ची मिळाली. प्लास्टिकची, एक पाय जरा आखूड. गळ्यात 'अधिकारी' लिहिलेलं ओळखपत्र पडलं. पाण्याची बाटली समोर आली. त्यांनी दोन्ही संघांनी दिलेले क्रमाचे कागद घेऊन वहीत नावं उतरवली. तळेगावची पाचवी अनुपमा, सहावी प्राची. प्राची एवढ्या खाली का, असं त्यांना वाटलं. खुर्शिदसरांनी जाता जाता स्वतःच सांगितलं, "फिनिशर हाय आपली. फिनिशर शेवटाला ठेवायची असती."

चांगदेव काही बोलले नाहीत. ते आता टेबलावर होते.

*

सात डावांचा सामना. शेवटच्या डावात दौंड सहा, तळेगाव पाच. तळेगावची बॅटिंग. दोन आउट. एक मुलगी तिसऱ्या बेसवर, एक दुसऱ्यावर. एक फटका बसला तर दोन रन, आणि विभाग.

चांगदेवांनी वहीत बोट सरकवलं. चौथी खेळून झाली होती. पाचवी, अनुपमा. तिच्या चौकटीत त्या दिवशी दोन के होते, एक सुलटा, एक उलटा. त्यांनी वर बघितलं.

अनुपमा हेल्मेट घालून निघाली होती. खुर्शिदसरांनी तिच्या खांद्याला हात लावून थांबवलं.

"तू थांब. प्राची, जा."

"सर, पण माझा नंबर हाय," अनुपमा म्हणाली.

"नंबर काय रेशनच्या लाईनीचा हाय का? फॉर्मात कोण हाय ते बघायचं. जा गं प्राची, एकच बॉल, सीधा बाहेर!"

अनुपमाच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद स्पष्ट दिसला. तिनं हेल्मेट काढून प्राचीला दिलं. प्राची बॅट फिरवत चालत आली, आणि टेबलाकडं बघून तिनं डावी भुवई उडवली. लहानपणापासूनची त्यांची खूण. आबा, बघा आता.

चांगदेवांच्या हातातली पेन्सिल कागदावर टेकली होती, ती तशीच राहिली.

एका शब्दाचं काम होतं. 'अनुपमा.' एवढंच. आत्ता कोणी बोललं असतं तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. अनुपमा आली असती, खेळली असती, आउट झाली असती किंवा नसती. खुर्शिदसरांच्या खिशात क्रमाचा कागद होता, चारपदरी घडी घातलेला. त्यांनी तो काढून बघितला असता तरी चाललं असतं. चांगदेव त्या खिशाकडं बघत राहिले.

पहिला बॉल. बाहेर. पंचांनी मोजायला डाव्या हाताचं एक बोट वर केलं.

कडुलिंबाखाली असते तर ते आत्तापर्यंत ओरडले असते. झाडाखालचा माणूस काहीही ओरडू शकतो. त्याला कोणी विचारत नाही. चौदा वर्षं ते ओरडत आले होते आणि कुणी ऐकलं नव्हतं. आज ऐकलं असतं, तर त्यांच्या गळ्यात ओळखपत्र होतं.

दुसरा बॉल. प्राचीनं बॅट फिरवली, चुकली. स्ट्राईक.

चांगदेव खोकले. मुद्दाम नाही, पण पूर्णपणे आपसूकही नाही. पंचांनी मान वळवली. "मामा, पाणी घ्या."

त्यांनी पाणी घेतलं. पिताना बाटलीवरून समोर बघितलं. माया मॅडम दौंडच्या बाकाजवळ उभ्या होत्या. त्यांच्या हातात त्यांची छोटी डायरी होती. त्या डायरीत बघत होत्या. मग त्यांनी प्राचीकडं बघितलं, प्राचीच्या पाठीवरच्या नंबराकडं, आणि डायरी मिटली. नंतर त्या चांगदेवांकडं अजिबात बघेनात.

चांगदेवांना कळलं. ओठांवर बोट आडवं ठेवलेले किमसाहेब त्यांच्या डोळ्यांसमोर आले, आणि त्यांच्याच शेजारी एसटीच्या खिडकीपाशी बसून अगदी रंगात येऊन सांगणारा एक म्हातारा. तिला खेळू द्यायचं. तिनं मारला, पळाली, पोचली, मग.

तिसरा बॉल. बाहेर. चौथा, बाहेर. तीन बाहेर, एक स्ट्राईक. चांगदेवांच्या मनात आलं, हिला आउट होऊ दे. स्वतःच्या नातीबद्दल आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी असं काही मागितलं. आउट झाली तर सामना जाईल, पण साध्या मार्गानं जाईल. हरलं म्हणजे हरलं.

पाचवा बॉल प्राचीनं असा मारला, की आवाज रेल्वेच्या भिंतीवरून परत आला.

बॉल डाव्या बाजूच्या पोरीच्या डोक्यावरून गेला, टप्पा खाऊन कबड्डीच्या मंडपाकडं सुटला. तिसऱ्यावरची आली. दुसऱ्यावरची सगळं विसरून किंचाळतच आली. प्राची दुसऱ्या बेसवर पोचली आणि तिथं नीट पाय ठेवून उभी राहिली. बॅट तिनं केव्हाच टाकून दिली होती. पाय ठेवला होता. आबांनी शिकवल्यासारखा.

खुर्शिदसर मैदानात धावत गेले. पोरींनी प्राचीला उचललं. कबड्डीवालेही मान वळवून बघायला लागले. आणि त्या सगळ्या गोंधळाच्या कडेनं माया मॅडम आपल्या मुलींना "कुणी मैदान सोडायचं न्हाई, हितंच थांबा" असं सांगून शांतपणे पंचांकडं चालत गेल्या.

पंचांनी त्यांचं ऐकलं. मग ते टेबलाशी आले. "मामा, आत्ता पाळी कुणाची होती? तुमच्या वहीत काय हाय?"

वही उघडीच होती. पंचांना स्वतःलाही वाचता आलं असतं. पण विचारलं की सांगावं लागतं.

"अनुपमा," चांगदेव म्हणाले.

तो शब्द आत्ता निघाला.

*

नंतरचं सांगायला थोडंच आहे. जिची पाळी होती ती अनुपमा आउट. दोन्ही रन रद्द. तिसरा आउट, सामना संपला, दौंड सहा, तळेगाव पाच. खुर्शिदसरांनी आधी पंचांशी वाद घातला, मग नियमाचं पुस्तक मागितलं, मग वाचलं. वाचून झाल्यावर ते टेबलापाशी आले. त्यांचा आवाज चढला नाही, ते वाईट होतं.

"मामा, तुम्हाला दिसत होतं?"

"व्हय."

"पाचही बॉल?"

"व्हय."

"आन् एक शब्द न्हाई?"

"टेबलावरच्या माणसानं बोलायचं न्हाई, सर. तसा नियम हाय."

"मीच म्हणलो होतो, निवांत बसू," खुर्शिदसर म्हणाले, आणि पाण्याचे जार उचलायला गेले.

माया मॅडम आल्या, तेव्हा चांगदेव क्रमाच्या कागदांची पंचांसाठी घडी घालत होते. "मामा, माझ्या पण पोरी हायत," त्या म्हणाल्या. "त्यांनाबी राज्याला जायचंय."

"तुम्ही बरोबर केलं, मॅडम."

"तुम्ही सांगितलं म्हणून कळलं. नसतं सांगितलं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. वाकून नमस्कार करायला गेल्या, तर चांगदेवांनी हात धरून थांबवलं. त्यांना तो नमस्कार घेता आला नसता.

परतीच्या जीपमध्ये प्राची पुढं बसली, आबा मागं. चौफुल्याला चहासाठी गाडी थांबली. सगळे उतरले. प्राची उतरली नाही, चांगदेवही नाहीत.

"प्राचे."

ती समोरच्या काचेतून बाहेर बघत होती. "आबा, तुमचा आज उलटा के झाला," ती म्हणाली. "बॉल आला, गेला. तुम्ही नुसतं बघत बसला."

तीच खूण चांगदेवांनी तिला पहिलीत असताना शिकवली होती, अ आ इ बरोबर.

घरी जाईबाईनं तोंडं बघितली आणि ताटं वाढली. जेवताना सतीशनं विचारलं. प्राचीनं सांगितलं, नियम, पाळी, आउट. सतीशनं ऐकून घेतलं आणि बापाकडं बघत म्हणाला, "म्हंजी चूक सरांची, शिक्षा अनुपमाला, आन् गेलं हिचं?" मग तो उठून हात धुवायला गेला. माळ्याचा विषय त्यानं त्या दिवशी काढला नाही. पुढच्या आठवड्यात आयटीआयचा फॉर्म आला.

चांगदेवांना वही मात्र पुरी करायची होती. अर्धवट पान त्यांनी कधी ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर बसले आणि किमसाहेबांनी दिलेली, पानं पिवळी पडलेली नियमांची झेरॉक्स काढून शेवटची नोंद कशी करायची ते वाचायला लागले. बोट ठेवून, एकेक शब्द. जिची पाळी चुकली तिच्या नावावर आउट लिहायचा. त्या आउटचं श्रेय समोरच्या विकेटकीपरला, म्हणजे तिकडं जिला कॅचर म्हणतात तिला द्यायचं. आणि चुकीनं आलेली मुलगी बेसवर कशी पोचली, त्यातल्या कशाचीच नोंद घ्यायची नाही. सगळं सोडून द्यायचं.

त्यांनी तसं लिहिलं. अनुपमानं बॅट हातात घेतली नव्हती, तिच्या चौकटीत आउट. दौंडची कॅचर जागेवरून हलली नव्हती, तिच्या नावावर बळी. प्राचीची चौकट कोरी.

प्राची दात घासत मागं येऊन उभी राहिली होती, हे त्यांना उशिरा कळलं.

"हितं माझं कायच न्हाई," ती म्हणाली.

"नियमानं न्हाई."

"पण मी मारलावता की."

"व्हय."

"दोनशे माणसांनी बघितला. कबड्डीवाल्यांनीबी."

"व्हय गं."

तिनं चूळ भरली. रागावलेली नव्हती आता. तिला खरंच कळत नव्हतं, एवढंच तिच्या तोंडावर होतं, आणि चांगदेवांना रागापेक्षा ते जड गेलं. ती आत गेली.

चांगदेवांनी पेन्सिल उचलली. पानाच्या समासात लिहावं, असं मनात आलं. समासात चौकट नसते, नियमही नसतो. टोक कागदाला लागलंही. पण एवढ्या वर्षांत शीटच्या बाहेर त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं. समासात लिहायचं म्हणजे फट असलेल्या रबराला हाताची ऊब देण्यासारखं झालं. आणि न लिहावं, तर जे दिसलं ते लिहिणारा माणूस कसला?

शेवटी त्यांनी मोबाईल काढला. किमसाहेबांचा नंबर होता, दर नव्या वर्षाला दोघं एकमेकांना शुभेच्छा पाठवायचे. चांगदेवांनी आपल्या तोडक्या इंग्रजीत, मध्ये मध्ये थांबून, सगळं लिहिलं. नात, टेबल, पाचवी-सहावी, नो माऊथ. ओन्ली आय. ते शब्द तर त्यांनी दोनदा लिहिले. मग खाली एक प्रश्न लिहिला.

निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलं गेलं. उत्तर आलं नाही. एक आठवडा झाला, मग दोन. आता कडुलिंबाचा पाला पडायला लागला आहे, आणि तळेगावात कोणी ओळखीचं, जरा शिकलेलं भेटलं, इंजिनियर असो, मास्तर असो, वकील असो, की चांगदेव बॅगेतून ती वही काढतात, शेवटचं पान उघडतात, त्या कोऱ्या चौकटीवर बोट ठेवतात आणि विचारतात:

"डोळ्यानं बघितलंय, हिनं मारला. मग तो फटका लिहायचा कुठं?"